नादारीचा अर्ज केल्यावर काय राहते आणि काय जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ४४ वर्षांचे असून चिंचवडला भाड्याच्या गाळ्यात त्यांचे दोन लेथचे स्वतःच्या मालकीचे वर्कशॉप होते, ते दीड वर्षापूर्वी बंद पडले. क्रेडिट कार्डे, दोन वित्त कंपन्या, एक पतसंस्था आणि एक मित्र असे मिळून सुमारे ३८ लाखांचे देणे अंगावर आहे. आता ते दरमहा ४६,००० रुपयांच्या पगारावर नोकरी करतात. राहता फ्लॅट गृहकर्जावर घेतलेला आहे, गावी वडिलांच्या नावे तीन एकर जमीन आहे, पत्नीकडे बारा तोळे सोने आहे, शिवाय भविष्य निर्वाह निधी, दोन विमा पॉलिसी, एक मोटार आणि गोडाऊनमध्ये झाकून ठेवलेल्या त्या दोन लेथ आहेत. नादारीचा अर्ज केला, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असे न्यायालयाकडून ठरवून घेतले, तर यातले काय हाती राहील, हे त्यांना हवे आहे. मेहुण्यांनी त्यांना सुचवले आहे की, अर्जापूर्वी मोटार आणि फ्लॅट त्या मेहुण्यांच्याच नावावर करून द्यावेत, म्हणजे प्रश्नच मिटेल.

मेहुण्यांच्या सल्ल्याकडे मी शेवटी येतो. तो पाळलात तर वाचू शकणाऱ्या वस्तूही संशयात येतील, एवढे तूर्त लक्षात ठेवा.

आधी आपल्याला कोणता कायदा लागू होतो हे पाहिले पाहिजे, कारण आपल्याकडे व्यक्तीच्या नादारीसाठी एकच कायदा नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, परंतु तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ललितकुमार जैन प्रकरणात ही मर्यादित अंमलबजावणी वैध ठरवली. आपले वर्कशॉप कंपनी नव्हते, स्वतःच्या मालकीचे होते, त्यामुळे आपण त्या वर्गात येत नाही. आपल्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे आणि अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात करावा लागेल. हाच गृहस्थ मुंबई शहरात राहत असता तर त्याला १९०९ चा इलाखा शहरांचा कायदा लागू झाला असता आणि अर्ज उच्च न्यायालयात गेला असता. त्या कायद्याच्या मूळ मजकुरात नादाराने ठेवून घ्यायची अवजारे, कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी आणि फर्निचर या सगळ्यांची मिळून मर्यादा ३०० रुपये आहे. ही रक्कम वाचून पक्षकार हसतात, पण कायदा किती जुन्या घरात राहतो आहे हे त्यावरून कळते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ पाहून टेक्सास किंवा फ्लॉरिडासारखे राहते घर आपोआप वाचेल, असे मानून येणारे पक्षकार मला दर महिन्याला भेटतात. इथे तसे नाही.

१९२० च्या कायद्याने काय राहील याची स्वतःची यादी केलेली नाही. कलम २८ म्हणते की, दिवाणी प्रक्रिया संहितेने किंवा अन्य कायद्याने ज्या मालमत्तेला जप्ती व विक्रीपासून सूट दिली आहे, ती नादाराच्या मालमत्तेत धरायची नाही. म्हणजे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. कलम २८ मधला कंसातला एक अपवाद मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. एरवी जप्तीतून वाचणाऱ्या हिशेबाच्या वह्या नादारीत वाचत नाहीत. आपल्या वर्कशॉपची बिलबुके, खातेवही आणि संगणकावरील नोंदी नादाराची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे द्याव्याच लागतील.

या सगळ्या सवलतींच्या आधी एक अट उभी असते, ती बोजा नसण्याची. गहाण, तारण किंवा हायपोथिकेशन (ताबा न देता ठेवलेले तारण) असलेली वस्तू सवलतीच्या यादीत कितीही चपखल बसत असली, तरी तारणधारक धनकोचा त्या वस्तूवरचा हक्क नादारीच्या हुकमाने हलत नाही. आपल्या फ्लॅटचे उत्तर इथेच मिळते. गृहकर्ज देणारी बँक नादारीच्या बाहेर उभी आहे. हप्ते थकले तर ती आपल्या मार्गाने ताबा घेईल. हप्ते नियमित चालू असले तर बँक सहसा काही करत नाही, पण कर्ज वजा जाता फ्लॅटमध्ये उरणारी आपली रक्कम रिसीव्हरच्या हिशेबात येते. समजा फ्लॅटची किंमत ६० लाख आणि कर्ज ५२ लाख असेल, तर ८ लाखांच्या वरकडीसाठी विक्रीचा खटाटोप करावा की नाही, हा व्यावहारिक प्रश्न उरतो, आणि काही वेळा नातेवाइकांनी तेवढी रक्कम भरून घर राखल्याचे मी पाहिले आहे.

फ्लॅटवर कर्ज नसते तर तो वाचला असता का, असे आपण विचाराल. तरीही नाही. कलम ६० मध्ये राहत्या घराला मिळणारी सूट फक्त शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांच्यासाठी आहे. कुशल मजूरही त्यात येतो, पण स्वतःचा कारखाना चालवणारा मालक त्यात बसवता येत नाही. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या व्यक्तींसाठीच्या भागात शहरातील २० लाखांपर्यंतचे आणि ग्रामीण भागातील १० लाखांपर्यंतचे एक बोजाविरहित घर वगळलेले आहे, मात्र ते कंपनीच्या जामीनदारांपुरते. चिंचवडच्या फ्लॅटचे भाव पाहता २० लाखांच्या मर्यादेने तिथेही किती जण वाचतील याची मला शंकाच आहे. याच्या उलट, मुंबईत पागडीच्या खोलीत राहणारा नादार झाला, तर भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या निवासी जागेतील त्याचा भाडेकरू म्हणून असलेला हक्क कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही. फ्लॅट विकत घेणाऱ्याचे घर जाते आणि पागडीवाल्याची खोली राहते. कायदा असाच आहे.

शेतकऱ्याच्या मालमत्तेला मिळालेल्या संरक्षणाचा इतिहास पुणे जिल्ह्यातील माणसाला सांगायलाच हवा. मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि दस्तऐवज जाळले, ते लोण आसपासच्या गावांत पसरले, चौकशी समिती बसली आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. खास लिहून गहाण दिल्याशिवाय शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता कर्जासाठी जप्त होऊ नये, असे त्या कायद्यात होते. तो कायदा आज नाही. तरीही आपल्याकडे अजून अनेक जण शेतजमीन जप्तच होत नाही असे ठामपणे सांगतात, आणि ते चुकीचे आहे. आज कलम ६० शेतकऱ्याचे राहते घर, अवजारे, आवश्यक बैल आणि बियाणे वाचवते. जमीन वाचवत नाही. बँकांना न्यायालयाबाहेर ताबा घेण्याचा जो अधिकार २००२ च्या कायद्याने दिला, तो शेतजमिनीला लागू नाही, एवढेच खरे आहे आणि गैरसमज तिथूनच पसरला आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला जमीन महसूल संहितेचे कलम ३६ वेगळे संरक्षण देते.

आता आपली तीन एकर. ती वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर वडील हयात असेपर्यंत आपला तिच्यात काहीही हक्क नाही, आणि पुढे वारसाने मिळेल ही आशा जप्तीयोग्य नसते. वडिलोपार्जित असेल तर सात-बारा फक्त वडिलांच्या नावे असला तरी आपला अविभक्त हिस्सा आपल्या मालमत्तेत मोजला जाईल. म्हणून जुने फेरफार काढून घ्या. तोंडी माहितीवर अर्जात काही लिहू नका. आणखी एक गोष्ट आपल्याला कोणी सांगितलेली नसेल. नादार ठरल्यापासून कर्जमुक्तीचा हुकूम होईपर्यंत जे काही वारसाने किंवा अन्य मार्गाने मिळेल, तेही रिसीव्हरकडे जाते. या मधल्या काळात वडिलांचे बरेवाईट झाले तर त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीतला आपला वाटाही धनकोंच्या पदरात पडू शकतो. वडिलांना मृत्युपत्र करण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्यांनी आपल्या नातवंडांच्या नावे ते केले तर त्यात गैर काहीच नाही, कारण ती जमीन त्यांची आहे, आपली नव्हे. पण जमीन आपल्याकडे आल्यावर आपण बहिणीला हक्कसोडपत्र करून दिले, तर ते टिकणार नाही.

सोन्याविषयी सर्वांत जास्त भीती असते आणि तिथेच सर्वांत जास्त दिलासा आहे. पत्नीला लग्नात माहेरहून आणि सासरहून मिळालेले दागिने हे तिचे स्त्रीधन असून ते आपल्या मालमत्तेत येतच नाही. त्यामुळे सवलतीचा प्रश्न तिथपर्यंत पोहोचतच नाही. फक्त ते तिचे आहे हे दाखवता आले पाहिजे. लग्नातील छायाचित्रे, सराफाच्या पावत्या, तिच्या नावाचा लॉकर, मोडून नवीन घडवले असल्यास त्या बदलीची चिठ्ठी, असे जे हाताशी असेल ते एकत्र करा. दोन धोके मात्र आहेत. त्यातील काही दागिने आपण सोनेतारण कर्जासाठी ठेवले असतील तर तेवढ्यावर बोजा आहे. आणि पत्नीने एखाद्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ती स्वतःच ऋणको आहे आणि तिच्या सोन्याला स्त्रीधन म्हटल्याने तिच्या धनकोपासून संरक्षण मिळत नाही. तिथे मग कलम ६० मधला तो जुना शब्दप्रयोग कामाला येतो: धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री अंगावेगळे करू शकत नाही असे दागिने. मंगळसूत्र आणि जोडवी यांच्याविषयी कोणी वाद घालत नाही. पाटल्या, तोडे आणि राणीहार यांच्याविषयी घालतात आणि सहसा जिंकतात. जामीनदारांसाठीच्या २०१९ च्या नियमांत या दागिन्यांना १ लाखाची मर्यादा घातली आहे. आजच्या भावात त्यात धड तोळाभरही सोने बसत नाही.

पगाराचे गणित सोपे आहे, पण ते चुकीचे सांगितले जाते. पोटगी सोडून अन्य हुकूमनाम्यासाठी, म्हणजे न्यायालयाच्या वसुलीच्या निवाड्यासाठी, पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. आपले ४६,००० धरले तर १,००० अधिक ४५,००० चे दोन तृतीयांश म्हणजे ३०,०००, असे ३१,००० आपल्याकडे राहतात आणि जास्तीत जास्त १५,००० कापले जाऊ शकतात. पगाराचा तो भाग एकूण २४ महिने जप्त राहिला की पुढचे १२ महिने जप्ती थांबते, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी २४ महिने पूर्ण झाले असतील तर त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची संपते.

भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांना हात लावता येत नाही. आपल्या निधीतून उचल घेऊन पतसंस्थेला द्यावी असा दबाव आणला जात असेल, तर सध्या तरी तो मानू नका. घाबरलेली माणसे कायद्याने वाचलेला एकमेव पैसा काढून सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या धनकोला देतात, आणि मग नादारी होते तेव्हा हातात काहीच नसते. शिवाय अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप देऊन केलेले पैसे देणे रद्द ठरू शकते. निवृत्त झालेल्यांनी विचारले म्हणून इथेच सांगतो की, निवृत्तिवेतनाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम मुदत ठेवीत ठेवली तरी तिचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता प्रकरणात म्हटले आहे. त्याच पैशाने शेअर किंवा प्लॉट घेतला तर तो युक्तिवाद फार काळ टिकवता येणार नाही.

आपल्या आयुष्यावरील विमा पॉलिसीतून मिळणारे पैसेही कलम ६० ने वाचवलेले आहेत. आपल्या दोनपैकी एक पॉलिसी गृहकर्जाच्या वेळी बँकेकडे वर्ग केली होती का, हे मात्र तपासा. अनेकांना ते आठवतच नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी तर न्यास समजली जाते आणि धनकोंचा तिच्यावर हक्क राहत नाही. देणी थकल्यानंतर घाईघाईने अशी नवी पॉलिसी घेणे हे धनकोंना फसवण्यासाठी केले असे म्हटले जाईल, तेव्हा तो विचार आता सोडून द्या.

मोटार जाईल. आपल्याला लागू असलेल्या कायद्यात वाहनाला सूट नाही. म्युच्युअल फंड, शेअर, मुदत ठेवी यांचेही तेच.

लेथविषयी थोडे थांबावे लागेल. कलम ६० कारागिराची अवजारे वाचवते. काही वर्षांपूर्वी बारामती तालुक्यातल्या एका गावात एका शिंप्याच्या घरी जप्ती आली तेव्हा मी हजर होतो. बेलीफने पंचनाम्यात पहिलीच ओळ लिहिली: पायाने चालवायचे शिलाई मशीन, एक. दुसरी ओळ कपड्यांच्या गठ्ठ्याची होती. मी तो गठ्ठा उघडायला लावला. आत टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्यांसकट ब्लाउजपीस निघाले, प्रत्येक चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचे नाव आणि माप. दुसऱ्याची वस्तू ऋणकोच्या ताब्यात असली म्हणून ती त्याची होत नाही. ते कापड तिथेच वगळले. मशीनचे मात्र बेलीफ ऐकेना, कारण हुकूमनामेदाराचा माणूस जवळ उभा राहून मशीन म्हणजे मशीन असे म्हणत होता. शेवटी ऋणको शिंपी असून हे त्याच्या धंद्याचे साधन असल्याचे त्याचे म्हणणे पंचनाम्यातच लिहून घेतले आणि त्या एका ओळीवर पुढच्या तारखेला न्यायालयाने मशीन मोकळे केले. टीव्ही आणि मिक्सर गेले.

आपल्या दोन लेथना हा न्याय लागेल का, तर माझ्या मते अवघड आहे. ज्या अवजारावर माणूस स्वतःच्या हाताच्या कसबाने पोट भरतो, ते वाचावे हा त्या तरतुदीमागचा विचार आहे. कामगार ठेवून चालवलेल्या आणि दीड वर्ष बंद पडलेल्या विजेच्या यंत्रांना कारागिराची अवजारे म्हणवून घेणे जड जाईल, त्यातून आपण आता नोकरी करता. त्या सुटण्याची आशा धरण्यापेक्षा गोडाऊनचे भाडे वाढण्याआधी त्यांची रीतसर किंमत काढून घ्या.

कर्ज घेताना सही केलेल्या कागदांत अशा सवलतींचा हक्क सोडत असल्याचे कलम आपल्याला सापडेल. वित्त कंपन्यांचे वसुली प्रतिनिधी ते फोनवर वाचूनही दाखवतात. कलम ६० चा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. आणि सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर ते प्रकरण नादारीचे नाहीच. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून ती परत मागता येते.

आता मेहुणे. नादारीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत योग्य मोबदला न घेता केलेले हस्तांतर रिसीव्हरच्या अर्जावरून रद्द होऊ शकते, आणि धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेल्या हस्तांतराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली त्याहूनही जुने असले तरी आव्हान देता येते. फ्लॅट तर बँकेच्या संमतीशिवाय त्यांच्या नावे होणारच नाही. मोटार झाली तर ती परत येईल, आणि तिच्याबरोबर आपल्या प्रत्येक निवेदनावरचा विश्वास जाईल. मालमत्ता लपवणे हा या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. परंतु प्रत्यक्षात जास्त नुकसान कर्जमुक्तीच्या वेळी होते. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही वसूल होत नसतील, तर हे आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी घडले असे पटवून दिल्याशिवाय न्यायालय पूर्ण कर्जमुक्ती देत नाही. आपल्याकडे आठ आणे निघण्याची चिन्हे नाहीत. वर्कशॉप बंद का पडले, कोणत्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकले, हे आपल्यालाच शपथेवर सांगावे लागणार आहे, आणि त्याच महिन्यात मोटार मेहुण्यांच्या नावावर गेलेली असेल तर ते कोणी ऐकून घेणार नाही.

कर्जमुक्ती मिळाली तरी सरकारी देणी, फसवणुकीतून आलेली देणी आणि पोटगी राहतात. आपल्या कर्जाला जामीन राहिलेला माणूसही सुटत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला आपले दोन जामीनदार असतील, तर अर्ज दाखल करण्याच्या आधी त्यांच्या घरी जाऊन त्यांना हे सांगा. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की वसुली अधिकारी त्यांच्या दारात जाईल, आणि ते त्यांना आपल्याकडून आधी कळलेले बरे.

अर्जासोबतच्या मालमत्तेच्या यादीत वाचणाऱ्या वस्तूही लिहा. निधीचा खाते क्रमांक, पॉलिसी क्रमांक, बंद लेथ, सगळे लिहा आणि सूट मागायची असेल त्या प्रत्येक नोंदीसमोर कलम ६० मधील नेमके पोटकलम नमूद करा. पत्नीचे सोने आपल्या यादीत घालू नका. ते तिच्या मालकीचे असल्याचे तिचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र पावत्यांसह जोडा.